खडकापाशी मोटर बंद

रेमोलिनो, ९ ऑगस्ट १९९८

नासारिओ,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. तुझा पत्ता होडीवाल्यांच्या म्होरक्याच्या, फाउस्तोच्या जावयाने आणला. उत्तरेत, सोनोरात टोमॅटोच्या मळ्यावर त्याने तुला पाहिलं, म्हणाला, चांगला गुटगुटीत झालाय. माझा विश्वास बसला नाही. हे पत्र मी कॉम्बी गाडीच्या ड्रायव्हरकडे देतेय, तो पालेन्केच्या पोस्टात टाकेल. तातला यातलं काही माहीत नाही. तात म्हणजे आपला बाप, विसरला असशील म्हणून सांगते.

इकडे सगळं ठीक आहे. नदी भरून तांबडी झालीय. मायांचं पडकं दगडी शहर बघायला पाहुणे कमी येतात, पण येतात. आईच्या नावाची होडी अजून तीच आहे, फक्त ‘पेत्रोना’मधला प पुसला गेलाय आणि फाउस्तो तिला ‘एत्रोना’ म्हणून हाक मारतो. तातची तब्येत बरी आहे. डोळ्यांनी थोडं कमी दिसतं, वयच झालं. म्हणून आताशा मी होडीत त्याच्याबरोबर जाते, पुढे टोकाला बसते. बाई पुढे बसलेली बघून काठावरची मगरसुद्धा पाण्यात उतरते, असं फाउस्तो म्हणतो. त्याला म्हणावं, तुझ्या बायकोला बघून तू कुठे उतरतोस.

वळणावरच्या खडकापाशी तात अजून मोटर बंद करतो. आता गावात दुसरं कोणी करत नाही. सगळ्यांच्या मोटरी नव्या, पाहुण्यांना घाई, आणि डोंगराचा धनी, जुना देव, म्हणे आता आवाजाने रागावत नाही. तात मात्र मोटर थांबवतो, पाण्यात मक्याचं पोसोल ओततो आणि घरातल्यांची नावं घेतो, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. मग दोरी ओढून पुन्हा मोटर चालू. गावात कपडे धुणाऱ्या बायकांना ऐकू येतं: आवाज बंद झाला, आवाज सुरू झाला. ‘सेवेरो पोचला खडकाला,’ म्हणतात.

त्या खडकावरूनच तुमचं बिनसलं हे मला उगाळायचं नाही. तू मोटर बंद न करता गेलास, तातने काठावरून ऐकलं, आणि परत आल्यावर पाहुण्यांच्या देखत तुला वल्ह्याने मारलं. तुझा राग खरा होता. पण राग धरायला एवढी वर्षं पुरे झाली. तो खडकाशी काय काय बोलतो ते मी पुढे बसून ऐकते. सांगणार नाही. ये आणि स्वतः ऐक.

रुफिना


२ ऑक्टोबर

नासारिओ,

तुझं उत्तर नाही. टोमॅटो तोडून हात दुखत असतील.

मागच्या वेळी मी लिहिलं की तातला थोडं कमी दिसतं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, तेव्हा सांगून टाकते. त्याला दिसत नाही. उजेड आणि अंधार कळतो, बाकी काही नाही. पालेन्केचा डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू असता तर काढला असता, हा काचबिंदू आहे, गेलेलं परत येत नाही. तात येताना कॉम्बीत गाव जवळ आल्यावर म्हणाला, ‘फाउस्तोला कळता कामा नये.’

आता तू विचारशील, मग होडी कोण चालवतं. तातच चालवतो. माझ्या हातात बांबू असतो. होडीच्या फळीवर एकदा आपटला की ग्वातेमालाच्या काठाकडे, दोनदा आपटला की आपल्या काठाकडे, घाईने आपटला की मोटर हळू. बाकी नदी त्याला कानांनी आणि बुडाखालच्या फळीने कळते. कुठे पाणी फिरतं, कुठे उथळ आहे, कोणत्या झाडावर बोंबल्या माकडं बसतात. पाहुण्यांना वाटतं ही आपली मायांची काही जुनी पूजा आहे. एका बाईने माझं टकटक टेपवर उतरवून घेतलं आणि डोळे मिटून ऐकत बसली. मी तिला बघून दोनदा जास्तीची टकटक केली, तर तातने होडी वळवली. फार ओरडला.

दगडी शहराच्या धक्क्यावर तो होडीत बसून राहतो आणि मी पाहुण्यांना वर नेते. अंधारी वाट, वटवाघळं, मग मोठ्या पायऱ्या, आणि वर तो मुंडकं तुटलेला दगडी राजा. काल एक पाहुणी म्हणाली, तुझ्या वडिलांना पण वर यायला सांग ना. मी म्हटलं, त्यांनी पाहिलंय.

सगळं निभतंय, पण हे किती दिवस चालेल ते तुला मी सांगायला नको. माझा जीव प्रत्येक फेरीला त्या बांबूच्या टोकावर असतो. ये.

रुफिना


२१ नोव्हेंबर

नासारिओ,

झालं ते असं. होडीत फ्रान्सची मंडळी होती, खेळकर. परतताना माकडं दिसली. एका जाड्या माणसाने माकडासारखं ओरडून दाखवलं. मग सगळेच ओरडायला लागले. माकडांना ते सहन होईना. एक कळप या काठाला, एक त्या काठाला, असे काही पेटले की आभाळ फाटावं. मला समोर ओंडका दिसत होता, पुरात वाहून आलेलं अख्खं सेइबाचं झाड. मी बांबू आपटत होते. तातला ऐकू येत नव्हतं. मी हाक मारली, तीही त्या गोंधळात गेली. उठून मागे धावले तोवर होडी ओंडक्यावर चढली.

कोणी बुडालं नाही. त्या जाड्या माणसाचा गुडघा फुटला आणि तातचं डोकं मोटरीवर आपटलं. फाउस्तोच्या होडीने आम्हाला ओढत आणलं. काठावर सगळे जमले होते. फाउस्तोने तातच्या तोंडापुढे हात हलवला. तात त्याच्याकडे बघून हसत राहिला, कारण त्याला वाटलं फाउस्तो अजून लांब आहे.

होडीवाल्यांच्या सोसायटीने आपला नंबर, म्हणजे पाहुणे न्यायचा हक्क, थांबवला. मी त्यांना दोष देत नाही. मला पोरं असती आणि ती अशा होडीत असती तर मीही तेच केलं असतं. फाउस्तो वाईट माणूस नाही, फक्त त्याची जीभ तिखट आहे. तो म्हणाला, कांदेलारियाच्या सणाच्या सभेपर्यंत सेवेरोचा नंबर कोणाला देत नाही. नासारिओ आला तर नंबर घरातच राहील, बापाकडून मुलाकडे, रीतच आहे. नाही आला तर गेला.

म्हणजे दोन फेब्रुवारी. आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. तात होडीशिवाय दुसरं काही करू शकत नाही. शेत आपण आईच्या आजारपणात विकलं. काठावर बसवून ठेवला तर तो महिनाभरात वाळेल. तू सुकाणू धर, तो पुढे बसेल, त्याच्या मांडीवर मी बांबू देईन. तू आलास तर तो जगेल. नाही आलास तर नाही. माझ्याकडून याहून सरळ लिहिता येत नाही.

रुफिना


१० जानेवारी १९९९

नासारिओ,

मी तातला सांगितलं की तुला लिहिलंय. तो म्हणाला, ‘कोण नासारिओ?’ मग जेवला, हात धुतले, आणि विचारलं, ‘उत्तरेकडची बस पालेन्केला किती वाजता येते?’

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पण त्या दिवसापासून तो रोज होडी घासतो. हाताने चाचपून चाचपून शेवाळ काढतो. पुसला गेलेला प मला पुन्हा रंगवायला लावला. मोटर उघडून सगळे भाग फडक्यावर मांडतो आणि परत बसवतो, एकही चुकत नाही. कॉम्बीचा भोंगा वाजला की थांबतो. मग पुन्हा घासायला लागतो.

मी फाउस्तोकडे जाऊन आले. म्हटलं, नंबर मला द्या. नदी मला पाठ आहे, कित्येक महिने खरं तर मीच चालवत होते. तो हसला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. म्हणाला, ‘रुफिना, तुला येतं हे मला माहीत आहे. पण सभेत बायकांना मत नाही, तर नंबर कुठून देऊ? आज तुला दिला तर उद्या माझी सासू मागेल. आणि ती मागून थांबायची नाही, घेईलच.’

बायकांना मत नाही, आणि ज्याला मत आहे तो टोमॅटो तोडतोय. इथल्या पाण्यात पिवळी मासळी आलीय, तुला आवडते ती. लाल पोपट जोडीने नदी ओलांडायला लागलेत. पाणी उतरलं, वाळू उघडी पडली, मगरी उन्हाला येतात. सगळे आपापल्या वेळेला येतात.

रुफिना


३ फेब्रुवारी

नासारिओ,

तुझं पत्र पोचलं. मला नाही, सोसायटीला.

तातने पांढरा सदरा घातला होता. मी त्याला हाताला धरून सभेला नेलं आणि दाराबाहेर बायकांच्या घोळक्यात उभी राहिले. खिडकी उघडी होती. सुरुवातीला त्यांनी पेट्रोल, धक्का, पाहुण्यांची भांडणं, सगळं काढलं. मग आपला विषय. कोणीतरी म्हणालं, आंधळ्याच्या हातात सुकाणू द्यायचं म्हणजे दगडी शहरात आणखी काही बिनमुंडक्याचे वाढवायचे. लोक हसले. तात उठला. म्हणाला, ‘तो राजा मुंडकं नसताना एवढी शतकं बसलाय, त्याला कोणी उठवत नाही. माझे नुसते डोळे गेलेत.’ तेव्हा तेच लोक त्याच्या बाजूने हसले. मला वाटलं, जमेल बहुतेक. क्षणभर खरंच वाटलं.

मग फाउस्तो म्हणाला, नासारिओचं उत्तर आलंय, आणि त्याने ते वाचलं. दोन ओळींचंच होतं. ‘मला नंबर नको. ज्याला द्यायचा त्याला द्या, खडकावर मोटर बंद करणाऱ्याला मात्र देऊ नका.’

कोणी हसलं नाही. तात म्हणाला, ‘पुन्हा वाच.’ फाउस्तो म्हणाला, जाऊ दे रे सेवेरो. तात म्हणाला, ‘मला वाचता येत नाही, म्हणून सांगतोय. पुन्हा वाच.’ त्याने वाचलं. तात खाली बसला. नंबर फाउस्तोच्या जावयाला मिळाला, तुझा पत्ता आणणाऱ्याला.

शेवटची ओळ नसती लिहिलीस तर चाललं असतं. नंबर नाकारलास, तो तुझा हक्क. पण भर सभेत बापाच्या तोंडावर टाकायला ती ओळ कशाला? वल्ह्याचा एक फटका तू एवढ्या लांबून, एवढ्या उशिरा परत केलास. आता फिट्टंफाट झाली असेल तर मला कळव.

रुफिना


१४ फेब्रुवारी

नासारिओ,

पहिल्या पत्रात म्हटलं होतं, कोणी मेलेलं नाही. आता तसं म्हणता येत नाही. तार केली होती, मळ्यावर पोचली की नाही कोण जाणे, म्हणून लिहितेय. तात गेला. नदीत गेला. त्याला आईशेजारी ठेवलाय.

सभेनंतर तो दोन-तीन दिवस नीट होता. जेवत होता, फाउस्तोच्या जावयाला बोलावून नदीतल्या वाळूच्या जागा समजावून सांगितल्या. तो पोरगा चांगला आहे, हात बांधून ऐकत होता. मग एके सकाळी तात मला म्हणाला, पोसोल घट्ट कर. मी विचारलं कशाला. म्हणाला, ‘मोटर पडून राहिली की गंजते. वळणापर्यंत जाऊन येतो. नंबर नसला तरी होडी माझीच आहे.’ मी म्हटलं, मीही येते. तो म्हणाला, ‘वळणापर्यंतच तर जायचंय, पोरी. तेवढ्या नदीत होडी तुझ्या आईलाही चालवता आली असती.’

दोर मीच सोडला. काठावर कपडे धुवायला बसले, म्हणजे कपड्यांचं निमित्त होतं, कान तिकडे होते. मोटरीचा आवाज सरळ गेला, जरासुद्धा वेडावाकडा नाही. मग बंद झाला. शेजारची बाई सवयीने म्हणाली, ‘सेवेरो पोचला खडकाला.’ मी मान हलवली. तो नावं घेत असेल म्हणून थांबले. मग मनातल्या मनात मी पण घेतली. मग परत घेतली. माकडं ओरडली, थांबली. शेजारच्या बाईचा हात धोपटण्यावर तसाच राहिला होता. मोटर काही सुरू झाली नाही.

जावयाने होडी पळवली, मी त्याच्या होडीत होते. ‘पेत्रोना’ दगडी शहराच्या खाली, वाळूला लागून सापडली. आत पोसोलचं रिकामं भांडं होतं. तात दोन दिवसांनी ग्वातेमालाच्या काठाला सापडला. मगरींनी त्याला शिवलं नव्हतं, एवढं तुला सांगते.

गावात सगळे म्हणतात, मोटर पुन्हा चालू झाली नाही, दोरी ओढताना तोल गेला. फादरलाही मी तेच सांगितलं. पण जावई त्याची होडी बांधत होता तोवर ‘पेत्रोना’जवळ पहिली मी पोचले. मोटर पाण्याबाहेर उचलून अडकवलेली होती. घरी आल्यावर काठाला लावून आपण उचलतो ना, तशी. बिघडलेली मोटर कोणी उचलत बसत नाही. जावई येण्याआधी मी ती खाली सोडली. नंतर एकटी असताना दोरी ओढून पाहिली, पहिल्या ओढीला सुरू झाली.

रुफिना


२८ मार्च

नासारिओ,

तुझं पत्र आलं, मला लिहिलेलं पहिलंच. तू विचारलंयस की येऊ का. येऊन काय करशील? नंबर गेला. होडी मी विकली, ती आता नदीच्या वरच्या अंगाला लाकडं वाहते. घराच्या छपराचं पान बदलायचं होतं ते तसंच आहे. तुझं यायचं भाडं तू तुझ्याजवळ ठेव.

दुसरं तू विचारलंयस की तात शेवटी तुझ्याबद्दल काही बोलला का. मी खूप वेळ कागद पुढे घेऊन बसले. शेवटच्या दिवसांत नाही बोलला. सभेनंतर तुझं नाव घरात एकदाही निघालं नाही. पण खडकापाशी काय बोलायचा ते सांगते. मागे म्हटलं होतं की येऊन स्वतः ऐक, आता ते राहिलं.

मोटर बंद करून तो म्हणायचा, ‘धन्या, मी सेवेरो, इथेच आहे. पेत्रोना माझी बायको, ती तुझ्याकडे आली, तिला सांभाळ. रुफिना माझी लेक, ही पुढे बसलीय, हिच्या तोंडाकडे लक्ष देऊ नको, मनाने चांगली आहे. नासारिओ माझा लेक. तो लांब आहे, तुझ्या हद्दीबाहेर आहे, तिकडचा धनी कोण आहे मला ठाऊक नाही. तू त्याला निरोप दे.’ प्रत्येक फेरीला. तू गेलास त्या आठवड्यापासून, हे त्यानेच एकदा सांगितलं, पाऊस असो, पाहुणे खोळंबून कुरकुरत असोत. एकदाही त्याने तुझं नाव गाळलं नाही. यासाठी तो मोटर बंद करायचा. तुझं पत्र वाचलं गेलं तेव्हा मला खिडकीतून हे ओरडून सांगावंसं वाटलं. पण बायकांना सभेत बोलता येत नाही, आणि तातनेही मला बोलू दिलं नसतं.

तुला बरं वाटावं म्हणून हे लिहिलेलं नाही. बरं वाटणार नाहीच. पण ते तुझं आहे, माझ्याजवळ ठेवून काय करू.

मी आता दगडी शहराच्या धक्क्यावर पाहुण्यांना मक्याचे तामाल विकते. जावई मला फुकट नेतो, आणतो. त्याला मी एकदा म्हटलं, खडकापाशी जरा थांब. तो बिचारा थांबलाही असता, पण होडीत पाहुणे होते, मागून दुसरी होडी येत होती. पुन्हा मी म्हटलं नाही. मोटर चालू असतानाच तोंडातल्या तोंडात नावं घेते. थोरल्यापासूनच घ्यायची असतात, रीत आहे. तातचं घेते. आईचं घेते. माझं घेते. पण मोटर चालू असली की खडक फार लवकर मागे जातो. तुझ्यापर्यंत येईस्तोवर तो गेलेला असतो.

रुफिना